नावगल्लीची आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नऊ दिवस उरले आहेत आणि घाटावर पुन्हा नाव उभी आहे. बावीस वर्षांनी. सकाळपासून तेलात राळ शिजते आहे. तिचा वास भाकरीला लागतो, दोरीवरच्या लुगड्यांना लागतो, केसांत बसतो. तसा तो वास आमच्या गल्लीतून कधी गेलाच नव्हता. आम्ही करतो त्या लाकडी हौदांनाही राळ लागते. पण हौदासाठी राळ शिजते तेव्हा माणसं तिच्याभोवती बसून चेष्टामस्करी करतात. नावेची राळ शिजत असली की सगळे आवाज आपोआप खाली येतात. आज तेच झालं. तरुण पोरं उगाचच कुजबुजत होती, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी हातातलं काम ठेवलं आणि जुनी यादी काढायला घरात गेले.

यादी लगेच सापडली. मला वस्तू सापडतात, कारण मी त्या कुठे ठेवल्या तेही लिहून ठेवते. घरात यावरून माझी थट्टा होते आणि गरज पडली की सगळे माझ्याकडेच येतात. ही सवय माहेरची. माझे वडील जळगावच्या एका कापसाच्या जिनात सुतार होते. जिनात भिंतीवर पाटी असायची: कोणत्या चाकाला कधी तेल, कोणता पट्टा कधी बदलायचा, खिळे कोणत्या मापाचे. मी अक्षरं गिरवली ती शाळेत, पण वाचायला शिकले त्या पाटीवर. लग्न होऊन नावगल्लीत आले तेव्हा बघते तर चौदा घरं, चौदाही घरांत नाव बांधणारे हात, आणि यादी एकही नाही. सगळं आबांच्या डोक्यात. आबा म्हणजे माझे सासरे, गल्लीचे मुख्य कारागीर. पहिल्याच वर्षी लांब खिळे आणायचे राहिले आणि काम तीन दिवस अडलं. मी दाराआडून म्हटलं, "आबा, तुम्ही सांगा, मी उतरवून घेते." सुनेनं सासऱ्यांशी बोलायचा तो काळ नव्हता. आबांनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "ल्ही."

तेव्हापासून दर होळीला ते ओसरीवर बसायचे, मी दाराआड बसायचे, आणि नावेचा हंगाम कागदावर उतरायचा.

आमच्या गल्लीत पश्चिमेला पश्चिम म्हणत नाहीत, दर्या म्हणतात. "बैल दर्याकडे बांध." "घागर दर्याच्या कोपऱ्यात ठेव." मला नवी असताना हसू यायचं, कारण दर्या गल्लीत कुणीही पाहिला नव्हता. तापी त्या दिशेला जाते एवढंच. पण आबा सांगायचे की आपले पूर्वज सुरतेच्या गोदीत होते, आरमाराची गलबतं बांधायचे. गोदी बसली, काम दुसरीकडे गेलं, तेव्हा काही घरं मुंबईच्या वाटेनं गेली आणि काही नदीच्या काठाकाठानं वर आली. जिथे गाड्या नदी ओलांडायला अडत होत्या तिथे थांबली. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी त्याची खात्री देत नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक घरात लाकूड तासायचा एक वाकस असा आहे की त्याची मूठ खान्देशातल्या कुठल्याच सुताराच्या वाकसासारखी नाही.

गलबतं गेली आणि पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या नावा राहिल्या. सपाट तळाच्या, रुंद. सगळ्यांत मोठी होती ती दोन गाड्या बैलांसकट नेई. तिला वेगळं नाव नव्हतं, नुसतं मोठी म्हणत.

यादीत आठ ओळी होत्या. पाणी उतरलं की नाव घाटावर ओढून घेणं. तळ खरवडणं. कुजलेल्या फळ्या काढून सागाच्या नव्या बसवणं. कापसाच्या वाती वळणं, हे आम्हा बायकांचं काम; मांडीवर वात वळून वळून कातडी लाल व्हायची. मग त्या वाती तेल-राळेत भिजवून दोन फळ्यांमधल्या सांधीत बोथट पटाशीनं ठोकणं. वरून राळ ओतणं. सातवी ओळ, नाव भरणं. आणि आठवी, भरल्यावर सगळ्या वाती पुन्हा ठोकणं.

सातवी ओळ बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. नाव पाण्यात घालण्याआधी आम्ही तिच्यात पाणी घालतो. ती लाकडी ठोकळ्यांवर उभी असते, कोरडी. गल्लीतल्या सगळ्या बायका नदीपासून ओळ करतात आणि घागरींनी तिला काठापर्यंत भरतात. मग पुरुष हातात गेरूचा खडा घेऊन खाली सरपटत जातात. जिथून पाणी बाहेर येईल तिथे खूण. जिथून आतलं बाहेर येतं, तिथूनच उद्या बाहेरचं आत येणार, असा हिशोब. अर्ध्या दिवसानं पाणी सोडून द्यायचं, खुणांवर काम करायचं, आठवी ओळ पुरी करायची आणि नाव नदीत लोटायची. त्या दिवशी गल्लीत चूल उशिरा पेटे. खाली माणूस पाठीवर झोपलेला, त्याच्या छातीच्या वर वीतभरावर पाण्यानं भरलेली नाव, आणि वर आम्ही श्वास रोखून विचारतोय, "गयस का?" गळतंय का?

मग पूल झाला.

पुलाला मी दोष देत नाही. माहेरी जायला मी स्वतः त्याच्यावरून गेले आणि उतरताना मनात म्हटलं की बरं झालं, पाय ओले झाले नाहीत. त्या हिवाळ्यात मात्र घाटावर गाडी आली नाही. पहिले आठ दिवस माणसं वाटेकडे बघत बसायची. नंतर वाटेकडे पाठ करून बसू लागली. होळी आली तेव्हा मी कागद घेऊन दाराआड बसले. आबा ओसरीवर आले, बसले आणि काही न सांगता उठून गेले.

पूल झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. तोवर चौदांतली तीन घरं धुळ्याच्या गिरणीत गेली होती. खान्देशात आखाजीला वर्ष बदलतं. सालदार मालक बदलतात, नवे करार होतात, ज्याला कुठे जायचं तो आखाजी करून जातो. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, नाना, यांनी भुसावळच्या रेल्वे कारखान्यात शब्द दिला होता. नाना गल्लीतले आबांखालचे सगळ्यांत चांगले कारागीर. ते गेले की मागोमाग उरलेली घरं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"आखाजी झाई का मी जासू," नाना जेवताना म्हणाले.

"तठे तुले नंबरना बिल्ला देतीन," आबा म्हणाले.

"देऊ द्या. बिल्लावर भाकर ते मियस."

आबांनी पुढचा घास घेतला नाही. माझे यजमान दोघांच्या मधे बसलेले. ते आयुष्यभर दोघांच्या मधेच बसले. त्यांनी ताकाचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवलं.

पाच-सहा दिवसांनी पारोळ्याचे एक रंगारी घाटावर आले. त्यांना सगळे भाऊच म्हणत. कोपरापर्यंत निळे हात. नखं तर अशी की शाईत बुडवली असावीत. त्यांचे निळीचे चुन्याचे हौद तडकले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सागाचा हौद टिकतो, आणि साग जोडणारी माणसं तापीकाठी रिकामी बसली आहेत. ते ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि स्वच्छ बोलले.

"आबा, बाहेरनं पानी आत येवाले नको, हाई तुमले जमस. आतलं बाहेर जावाले नको. हाई जमी का?"

"एकच शे," आबा म्हणाले.

भाऊंना अकरा हौद हवे होते. पण आधी एक. तो टिकला तर बाकीचे दहा, आणि मग धुळ्याचे, अमळनेरचे त्यांचे सोयरे होतेच. हे ऐकताना नाना ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. भाऊ गेल्यावर म्हणाले, "लाकूड कोठे शे?"

लाकूड कुठेच नव्हतं. सातपुड्यातून साग आणायला दोन वर्षांत कुणी गेलं नव्हतं. होती ती फक्त मोठी, घाटावर पालथी, तिच्या सावलीत शेळ्या बसायच्या.

आबांनी तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, मोठीला हळदकुंकू लावलं आणि पहिला खिळा स्वतः उपटला. खिळा निघताना जो आवाज झाला तो मी विसरले नाही. घरात भरल्या ताटावरून कुणी उठावं तसं वाटलं. मोठीच्या फळ्या एका हौदाला पुरल्या. दुसऱ्याला उरल्या नाहीत. एकदाच जमणार होतं.

हौद सुरेख झाला. चौकोनी, पुरुषाच्या छातीएवढा उंच, सांधे असे की नख जाऊ नये. वाती ठोकल्या, राळ ओतली, अर्धा दिवस भरून पाहिला, चार ठिकाणी पाझरला, तिथे खुणा केल्या, वाती पुन्हा ठोकल्या. आठही ओळी झाल्या. मी आठव्या ओळीपुढे टिंब दिलं. गाडीवर हौद बांधला, दोन दिवसांची वाट, आणि तो पारोळ्याला पोचला.

आज विचार करते तेव्हा मला त्या टिंबाचा राग येतो. मी यादीतली ओळ पुरी झाली की टिंब देते, आणि टिंब दिलं की माझं मन त्या कामातून निघतं. यादी करणाऱ्या माणसाचा हा दोष आहे. काम झालं का हे ती विचारते. काम कशासाठी होतं हे ती विचारत नाही.

आखाजीला आठ दिवस असताना हौद परत आला. त्याच गाडीवर, त्याच दोरांनी बांधलेला. गाडीवान खाली उतरला आणि कुणाच्याच डोळ्यांकडे न बघता म्हणाला, "आबा, जमीन बठ्ठी निळी व्हई गयी. भाऊनी सांगेल शे, आखाजीले मी सोता येसू. एक थेंब पडना ते चुनानाच हौद बांधसू."

"कधी गळाया लागना?" आबांनी विचारलं.

"तिसरा दिनले. पहिले दोन दिन कोरडा व्हता."

गल्ली हौदाभोवती जमली. आतून तो गर्द निळा झाला होता. बाहेरून सांध्यासांध्यांतून निळे ओघळ खाली आलेले, आणि प्रत्येक ओघळाच्या वरच्या टोकाला वात लोंबत होती. आम्ही मांडीवर वळलेली वात, निळी, फुगलेली. कुणी आतून बोटानं बाहेर ढकलावी तशी.

नाना हौदाला एक फेरी मारून घरात गेले. थोड्या वेळानं त्यांच्या खोलीतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. माझी जाऊ भिंतीकडे तोंड करून ज्वारी पाखडत राहिली. तिला भुसावळला जायचं नव्हतं, पण ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

आबा हौदापाशीच बसले. ऊन डोक्यावर आलं तरी बसले. जेवायला बोलावलं तर हात हलवला. मी घरात यादी काढून पुन्हा पुन्हा वाचत होते. पहिली ते आठवी. त्या लोंबणाऱ्या वाती डोळ्यांपुढून जात नव्हत्या आणि आठव्या ओळीपाशी मी दर वेळी अडखळत होते. सहा वर्षं मी ती ओळ लिहीत आले होते. का, हे कधी विचारलं नव्हतं.

शेवटी मी कागद घेऊन बाहेर आले. दाराआड थांबले नाही. पदर पुढे ओढला आणि आबांपासून चार हातांवर बसले. यजमान हौदाच्या पलीकडे उभे होते, त्यांनी डोळ्यांनी मला आत जायला सांगितलं. मी पाहिलं नाही असं केलं.

"आबा, आठवी ओळ वाचते. नाव भरल्यावर सगळ्या वाती पुन्हा ठोकणे."

"हं."

"का ठोकायच्या?"

यजमान खाकरले. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "का म्हंजे? पानी भरं का वात ढिली व्हस. आतलं पानी तिले बाहेर..."

ते थांबले.

मी तसं थांबणं त्याआधी किंवा नंतर पाहिलेलं नाही. हात हवेत होता, तो हवेतच राहिला. मग ते उठले, हौदापाशी गेले, एका लोंबणाऱ्या वातीला अंगठा लावला आणि ती आत दाबली. सोडली. पुन्हा दाबली. मागे वळून त्यांनी हाक मारली, "नाना."

नाना दारात आले.

"वात कोनती बाजूथून ठोकी?"

"बाहेरथून. आनखी कोनती?" नाना म्हणाले. आणि मग त्यांच्याही तोंडावर ते आलं. ते पायरी उतरून हळूहळू हौदापर्यंत चालत आले. "आबा," ते म्हणाले, "आपन हौद कयाच नही. आपन नावच कयी." आम्ही हौद केलाच नव्हता, नाव केली होती.

किती साधी गोष्ट. नावेला पाणी बाहेरून रेटतं. म्हणून सांध बाहेरून रुंद आणि आतून अरुंद ठेवायची, वात बाहेरून ठोकायची. पाणी जितकं रेटेल तितकी ती आत घट्ट बसते. हौदाला पाणी आतून रेटतं. तिथे पाणी तीच वात बाहेर ढकलून देतं. गल्लीतले सगळे हात, सुरतेपासून चालत आलेले, एकाही हाताला हे सुचलं नाही, कारण त्या हातांनी आयुष्यभर फक्त बाहेरचं पाणी अडवलं होतं. दुसरा कुठलाही सुतार ही चूक करता ना. त्याला वात ठोकायचीच माहीत नसती.

पुढचे सात दिवस मला सलग आठवत नाहीत. हौद पुरा सोडवायचा होता, प्रत्येक फळी उलटी करायची होती, म्हणजे सांधीची रुंद बाजू आत येईल. खिळ्यांची जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवायची. नव्या वाती. आठवतात ते आवाज: मोगरीचा ठोका, करवत, मधेच आबांचं "हळू". आठवतात वात वळणाऱ्या आमच्या निळ्या मांड्या, कारण जुन्या वातींचा रंग हातांना लागला होता. आठवतं की नाना सकाळी सगळ्यांत आधी यायचे. त्यांची पेटी दारात भरून ठेवलेली होती. फक्त मोगरी आणि पटाशी रोज तिच्यातून निघायची आणि संध्याकाळी परत आत जायची. मी रोज बघायचे. गेली आत.

आखाजीच्या आदल्या दिवशी लेकी माहेरी आल्या. माझी नणंद वेणू धुळ्याहून आली, गाडीतून उतरली तीच हौदापाशी. फळ्या उलटल्यामुळे आतली निळी बाजू आता बाहेर आली होती.

"वहिनी, हाई कसी नाव वं? ना पुढली नाळ, ना मागलं सुकानू. नुसतं पोटच शे."

"हिला कुठे जायचं नाही," मी म्हटलं.

"मंग नानापेक्षा बरी शे," वेणू मोठ्यानं म्हणाली. नाना तिथेच पाठमोरे बसले होते. मोगरीचा एक ठोका चुकला. वेणूला कुणी बोलायला शिकवलं नव्हतं आणि गप्प बसायलाही.

आखाजीच्या सकाळी आमच्याकडे पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर करा, म्हणजे छोटं गाडगं, त्यावर आंबा. मग खापराची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, आणि नैवेद्य दाखवल्यावर जेवणं. त्या दिवशी आबांनी सांगितलं, आधी हौद भरा, नैवेद्य नंतर. पोळ्या टोपल्यात झाकून ठेवल्या. चिंचेला झोके बांधले होते, त्यांवर पोरी चढल्या नाहीत. पारोळ्याचे भाऊ उन्हं कोवळी असतानाच आले आणि चिंचेखाली घोंगडीवर बसले. हौद बघून ते म्हणाले, "रंग बाहेरथून दिना का आबा?" कुणी हसलं नाही.

आम्ही बायकांनी ओळ केली. नदीपासून हौदापर्यंत, माहेरवाशिणी आणि सुना, एकीआड एक. मी शेवटी, हौदाशी, वेणूच्या जोडीनं, कारण मोजायचं मला होतं. एकशे चौसष्ट घागरी. शेवटच्या वीस ओतताना खांद्यातून हात सुटून पडतील असं वाटत होतं. पाणी काठाला लागलं. आबांनी गेरूचा खडा घेतला आणि सत्तरीचं शरीर दुमडून खाली सरकले.

आता थांबायचं होतं. पहिल्या वेळी हौद दोन दिवस कोरडा राहिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ म्हणाले होते, "मी तीन दिन बसस आठे. मन्हं काय जास?" म्हणजे आजचा दिवस पुरेसा नव्हता, पण आज गळाला तर मात्र सगळं आजच संपणार होतं. दुपार वर चढली. पितरांची घागर देवघरात भरलेली. कुणी पाणीही मागत नव्हतं. मी चिंचेची सावली हौदाच्या कोणत्या फळीवर आली ते बघत होते. पाच फळ्या सरकली.

मग खालून आबांचा आवाज आला, "थेंब."

एवढंच.

माझ्या शेजारी जाऊ उभी होती, तिनं माझं मनगट धरलं. भाऊ घोंगडीवरून उठले. खाली आबांचा हात वर जाताना दिसत होता, गेरू धरलेला, दर्याच्या कोपऱ्याकडे. पण खूण करण्याआधी नाना हौदाला भिडले. त्यांनी त्या कोपऱ्यावर तोंड इतकं जवळ नेलं की नाक लाकडाला लागलं. काठापासून खालपर्यंत त्यांनी बोट फिरवलं.

"वरथून शे, आबा," ते म्हणाले. "काठवरनं सांडेल शे. सांध कोरडी शे. थांबा, खून नका करू."

आबा थांबले. आम्ही सगळे थांबलो. दुसरा थेंब आला नाही. ओघळ वाळला. वेणूनं कपाळावरचा घाम पुसला आणि पुटपुटली, "मन्हीच घागर हिंदकयनी व्हती, माय." पुढे कितीतरी वर्षं आम्ही तिला तो थेंब ऐकवला.

तीन दिवस भाऊ राहिले. तीन दिवस हौद भरलेला राहिला. आबा सकाळ, दुपार, संध्याकाळ खाली जायचे. तिसऱ्या संध्याकाळी ते बाहेर आले, हातातला गेरूचा खडा त्यांनी माझ्याकडे दिला. होता तेवढाच होता. एक टोकसुद्धा झिजलं नव्हतं. भाऊंनी तो बघितला, आबांकडे बघितलं आणि म्हणाले, "आते बाकीना दहा."

सगळं जुळून आलं असं मला लिहायचं नाही. नानांनी शब्द दिला होता आणि ते गेले. आखाजीनंतर पाचव्या दिवशी पेटी डोक्यावर घेऊन गेले, आणि माझी जाऊ त्यांच्यामागून, वळून न बघता. पण गल्ली गेली नाही. अकरा घरं राहिली. सातपुड्यातून साग येऊ लागला, रंगाऱ्यांचे हौद झाले, मग तेल्यांचे, मग दुष्काळी गावांना पाणी नेणाऱ्या गाड्यांच्या टाक्या. धुळ्याच्या गिरणीतून दोन घरं परत आली. आबांनी वात आतून ठोकायला नातवंडांना शिकवलं, आणि ती पोरं दुसरं काही न शिकता मोठी झाली. आबा गेले तेव्हा त्यांना दर्याकडे तोंड करून नेलं.

आता दुसरी मोठी लढाई संपली आहे. बाजारात फौजेची लोखंडी पिंपं स्वस्तात आली आहेत आणि रंगारी ती उचलत आहेत. सहा महिन्यांत एका हौदाची मागणी नाही. गल्लीत पुन्हा भुसावळचं, मुंबईचं बोलणं निघतं. मी ते ऐकते आणि काम करते. गेल्या पावसाळ्यात पुलाच्या एका कमानीला तडा गेला, बैलगाड्यांना तो बंद आहे, पलीकडच्या गावांनी मिळून नाव मागितली आहे. मृगाच्या आत हवी. गाड्या घाटावर येतील त्या एका हंगामासाठी की कायमच्या, कुणास ठाऊक. नाव चांगली तरली तर वरच्या आणखी दोन घाटांना हव्या आहेत. नाही तरली तर मला माहीत आहे काय होणार, मी एकदा पाहिलं आहे.

नाना तीन वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त होऊन परत आले. आबा बसायचे त्या ओसरीवर, त्याच खांबाला टेकून बसतात. आज दुपारी पोरांनी त्यांना हात धरून घाटावर नेलं, नाव दाखवायला. सांधे सुरेख, राळ एकसारखी. नाना वाकले, आत बघितलं, बाहेर बघितलं, हात फिरवला आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"पोरंहो," ते म्हणाले, "तुम्ही नावनी घागर करी टाकी."

सगळ्या वाती आतून ठोकलेल्या होत्या.

आता संध्याकाळ आहे. पोरं सांधी उकलत आहेत, वाती उपसत आहेत, फळ्या उलट्या करत आहेत. मोगरीचा ठोका ऐकू येतो, मधेच नानांचं "हळू". नऊ दिवस आहेत. तेव्हा सात होते. आखाजीच्या सकाळी आम्ही ती भरणार. माहेरवाशिणींना निरोप गेले आहेत. वेणूला आधीच सांगून ठेवलं आहे की तिनं ओळीच्या नदीकडच्या टोकाला उभं राहायचं. गेरूचा तोच खडा मी पेटीतून काढून ठेवला आहे. खाली या वेळी मी जाणार आहे, नानांची पाठ वाकत नाही आणि पोरांचा मला भरवसा नाही.

नवी यादी लिहून झाली. आठच ओळी आहेत. फक्त आठव्या ओळीपुढे, टिंबाची जागा सोडून, मी या वेळी कारणही लिहिलं आहे.